भीमाक्काचं मुंगूस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि डबी तर तिचीच होती.

निजामाचं राज्य गेलं आणि ठाणाकुशनूरची उर्दू शाळा मराठी झाली, त्या वर्षी मी तिथे मास्तर म्हणून गेलो. शेजारी भीमाक्का राहायची. धनगराची विधवा, मेंढरं केव्हाच गेलेली, रोजाने रानात जायची. घरात सोबत एका मुंगसाची. बंड्या त्याचं नाव. माणूस दिसलं की शेपूट फुलवून उड्या मारायचा, घोट्याला चावायचा. राग नव्हे हो, आनंदच तो. पण एकदा शेजारच्या लेकराला रक्त निघालं. गावाने सांगितलं, आठ दिवसांत शांत कर, नाही तर आम्ही मारून टाकू.

ती माझ्याकडे आली. "गुरुजी, तुमी छडी न घेता पोरं बसवता. ह्येलाबी शिकवा की. उधळायलं की घोंगडीत घ्यायचं, पोटाशी धरायचं. मारायचं न्हाई, वरडायचं न्हाई. दम खाली बसला की मग सोडायचं."

शाळेला सुट्टी होती. दिवसा बंड्या माझ्याकडे, संध्याकाळी तिच्याकडे. दोन दिवस मी तिच्या सांगण्याप्रमाणे केलं. धरला की शांत, सोडला की पुन्हा घोटा. तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. आणि धीर हाच तर माझा लौकिक होता ना?

त्या वेळी आमच्याकडे तान्ह्या लेकरांना झोपवायला अफूचा कण चाटवत. आमच्याही घरी त्याची डबी होती. मी दुधात कण घातला. बंड्या माझ्या मांडीवर बसून राहिला. बघायला माणसं जमली. गुरुजींच्या हाताला गुण आहे, म्हणाली. मी — काय सांगू — मी हसलो. मग रोज घालत गेलो.

आठव्या दिवशी भीमाक्का रानात गेली नाही. दुपारी मी बंड्याला तिच्या हवाली केलं. ती घागर घेऊन पाण्याला निघाली, दार नुसतं लोटून. तेव्हा कोण कडी लावायचं? कुत्रं आत शिरलेलं मला ओसरीवरून दिसलं. मी धावलो. एरवी बंड्या क्षणात आढ्यावर गेला असता. तो बसून होता. कुत्र्याकडे बघत, नुसता बसून.

मी पोचेपर्यंत कुत्र्याने त्याची मान मोडली होती. भीमाक्का परत आली ती घागर तशीच टाकून खाली बसली. बंड्याला घोंगडीत घेतलं, पोटाशी धरलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "म्या कडी लावली न्हाई, म्हणून झालं का हो गुरुजी?"

एक शब्द पुरे होता. नाही, एवढाच. पण नाही म्हटलं असतं तर तिने पुढे विचारलं असतं — मग कामून पळालं न्हाई?

मी म्हणालो, "हो अक्का. कडी तेवढी लावायला हवी होती."

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. उन्हाळ्यात सगळं गाव दारं सताड टाकून बसायचं, हिचं बंद. पाण्याला निघाली की कडी लावायची, चार पावलं जाऊन परत यायची, ओढून बघायची. आत राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी ओसरीवर वह्या तपासत ते बघायचो. एकदा आमची नजरानजर झाली.

"लावली बगा, गुरुजी," ती म्हणाली.

मी मान हलवली.