मानेवरचा बाम

बामाचा वास आला की मला बालाघाटाचा तो कडा आठवतो. पावसाळा सरल्यावर उत्तरेकडून येणारे ससाणे मोजायला मी आणि माझा मेकॅनिक मित्र अंबाजोगाईहून तिथं गेलो होतो. सकाळपासून आभाळात नुसत्या घारी. वर बघून बघून मान पार आखडली, तेव्हा तो मागं बसून बाम चोळू लागला आणि मी डोळे मिटले. "आले बे!" तो ओरडला. मान वर करेपर्यंत थवा कड्यापलीकडं गेलासुद्धा. "किती होते?" "काय म्हाईत! मी बोटाच्या पेरांवर मोजतो, अन् दोनी हात तर तुझ्या मानंवर होते." मोजलं तेवढंच सांगायचं, हा आमचा नियम, म्हणून पक्षी मोजणाऱ्या आमच्या गटाला शून्य कळवलं. आता तो सौदीत गाड्या दुरुस्त करतो. बाम माझा मीच लावतो, आणि लावताना डोळे मिटत नाही.