धाकटीला वगळून

"ब्याड, ब्याड. हे काढ."

पडद्याकडे बोट करून अक्का असं म्हणायच्या आणि लगेच माझा हात माउसवरून बाजूला सारायच्या. "तू नको काढू. मी काढती." ब्याड म्हणजे कन्नडमध्ये नको. अक्कांचं माहेर अक्कलकोटजवळच्या खेड्यातलं. राग आला की त्यांची मराठी मागं पडायची आणि कन्नड पुढं व्हायची.

सोलापुरात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. अक्का समोरच्या इमारतीत एकट्या राहायच्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकायच्या. नवरा लवकर गेला, त्यानंतर याच धंद्यावर त्यांनी एकुलती लेक वाढवली, शिकवली, लग्न लावून पुण्याला धाडली. त्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती. एका दुपारी त्या पेनड्राइव्ह घेऊन आल्या.

"मला व्हिडिओ कापायला शिकव."

"काय कापायचंय, अक्का?"

"माझी बहीण."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

झालं होतं ते असं. लग्नाच्या पंगतीत अक्कांची धाकटी बहीण व्याह्यांसमोर म्हणाली होती, "आमची पोरगी लई हट्टी हाय, संभाळून घ्या." भर मंडपात लेकीची अब्रू घालवली, असं अक्कांच्या मनात बसलं. लग्नानंतर दोघींत शब्दाला शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं ते झालंच. आता लग्नाची फिल्म लावली की बहीण दिसायची, आणि अक्का टीव्ही बंद करायच्या.

"आणा इकडं, मी कापून देतो की."

"तू कापलास तर चार घरी कळंल. मला शिकव. मी कापती."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एखादी गोष्ट मनावर घेतली की ती शिकायला किती वेळ लागेल, याचा हिशेब ती करत नाहीत. अक्का दुपारी भाकऱ्यांचं काम उरकून यायच्या, पदर खोचून खुर्चीत बसायच्या आणि भाकरी थापायला बसल्यासारखा सगळा तळवा माउसवर ठेवायच्या. बाण पडद्याच्या कडेला गेला की त्या माउस हवेत उचलून खाली आपटायच्या. "कुटं पळाला बघ मेला!"

सुरुवातीला त्यांनी बहिणीऐवजी नवरदेवच उडवला. "अगं बाई, जावई गेले!" म्हणून त्या खुर्चीतून उठल्याच. कापलेला तुकडा परत आणता येतो, मूळ फाइल तशीच राहते, हे दाखवल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. मग त्यांचा हात बसला. पण अडचण वेगळीच निघाली. बहीण नाही अशी जागाच सापडेना. हळदीत तीच, नवरीच्या मागं मावशी म्हणून तीच, अक्षता वाटताना तीच. आठवड्याभरानं अक्कांनी कापलेली फिल्म आम्ही लावली. तिच्यात आचारी होते, पाहुणे होते, मंडपाचं झुंबर होतं.

"अक्का, यात लग्न उरलं नाही. जेवण तेवढं उरलंय."

त्या म्हणाल्या, "दुसरी वाट सांग."

मी म्हणालो, फोटोग्राफरकडून मूळ शूटिंग मागवा. गाणी घालून तयार केलेल्या फिल्ममध्ये थोडंच येतं. मुळात बरंच असतं, दोन दोन कॅमेऱ्यांचं. बहीण नसलेले तुकडे त्यातून काढू. अक्कांनी ते मिळवलं. आता बायका पडद्यावर नुसते ओठ हलवत नव्हत्या. गाणी नव्हती, त्यामुळं बोलणं ऐकू येत होतं.

पंगत आली. धाकटी तूप वाढत होती. व्याह्यांच्या पानापाशी वाकून ती म्हणाली, "आमची पोरगी लई हट्टी हाय, संभाळून घ्या." अक्कांनी सांगितलं होतं तेच, शब्द न् शब्द. आणि त्यावर कुणीतरी खळखळून हसलं. व्याही नव्हेत, विहीणबाई नव्हेत. कॅमेरा वळला. तोंडाला पदर लावून अक्का स्वतःच हसत होत्या. हसता हसता बहिणीच्या पाठीत चापट मारून म्हणत होत्या, "माझ्यावरच गेलीय की!"

अक्कांनी तो तुकडा मागं नेला. पुन्हा लावला. पुन्हा मागं नेला.

"मी तर हसतीय," त्या म्हणाल्या.



"मग मला राग कवा आला रे?" त्यांनी खरोखरच विचारलं, मला ठाऊक असावं तसं. थोड्या वेळानं त्यांनाच आठवलं. दोन दिवसांनी शेजारच्या कुणी बाईनं विचारलं होतं, तुमची बहीण असं कसं बोलली हो? तिथून. "परक्या बाईनं सांगितलं आन् मी ऐकलं," त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

मग त्यांनी फोन लावला. पलीकडून आवाज आला, तशी अक्कांनी एवढंच विचारलं, "ऊटा आय्तेन?" जेवण झालं का. दोन वर्षांनंतर हे पहिलं वाक्य. पुढचं कन्नड मला कळलं नाही, आणि मी चहा ठेवायला आत गेलो.

धाकटी त्याच आठवड्यात एस.टी.नं आली. माझ्या खोलीत दोघी एका खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसल्या आणि सगळं शूटिंग पाहिलं. धाकटी एका ठिकाणी म्हणाली, "अक्का, हितं मी लई जाड दिसतीय, काढ की." अक्का म्हणाल्या, "काय काढायचं न्हाय. गप बघ."

पुढं धाकटीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिच्याजवळ कुणी हवं म्हणून अक्का तिच्या गावी गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. समोरच्या घरात आता नवे भाडेकरू आहेत. गल्लीतला भाकऱ्यांचा वास गेला.

मागच्या महिन्यात अक्कांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. स्वतः काढलेला, स्वतः जोडलेला. धाकटी अंगणात वॉकर न घेता चालतेय. भिंतीला धरून, ओठ दाबून, एकेक पाऊल टाकत कॅमेऱ्याच्या दिशेनं येतेय. अगदी जवळ आल्यावर तिचा तोल जातो आणि ती दोन्ही हातांनी अक्कांना धरते. अक्कांच्या हातातला मोबाइल पडतो, चित्र कलंडतं. मग आभाळ दिसत राहतं, आणि खाली दोघी कन्नडमध्ये एकदमच काहीतरी बोलत असतात.