मामा एम. ए. करतात

सबंध दोह्यात फुटबॉलच्या वर्ल्डकपची काडीचीही पर्वा नसलेला एकच इसम होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. रस्ते उकरलेले, नव्या मेट्रोचं कौतुक चाललेलं, टॅक्सीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत जो तो कुठल्या स्टेडियमचं छत कुठवर आलं ते सांगणारा. आणि मामा मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यात राहत होते. तसे ते रास लफानच्या गॅस प्लांटवर मेंटेनन्स सुपरवायझर. वडील अचानक गेले म्हणून तरुणपणी कॉलेज सुटलं ते सुटलंच. मग नोकरी सांभाळून बहिःस्थ बी. ए. झाले, आणि बावन्नाव्या वर्षी इतिहासाच्या एम. ए.साठी प्रबंधाचा विषय घेतला : विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं विद्यार्थिजीवन.

विषय घेतला म्हणजे तो त्यांच्या अंगातच आला. त्या काळची पोरं पहाटे गार पाण्यानं आंघोळ करत, म्हणून मामांनीही तसं ठरवलं. आता दोह्याच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून गार नळाला जे पाणी येतं, त्यात अंडी उकडतील. मामा संध्याकाळीच दोन बादल्या भरून अल नस्रच्या आपल्या खोलीत एसीखाली ठेवायचे, आणि त्यांचा केरळी रूममेट त्या ओलांडत नमाज पढायला जायचा. दर शुक्रवारी ते अल सद्दला आमच्याकडे जेवायला येत. त्या पंगतीला त्यांनी, त्या काळच्या पोरांच्या खानावळीसारखं, ‘क्लब’ असं नाव दिलं आणि नियम केला, जो इंग्रजी बोलेल त्यानं वाढायचं. आमची कन्या तीन महिने सलग वाढत होती. "दिस इज सो अनफेअर, आजोबा!" असं ती म्हणाली की मामा शांतपणे म्हणत, "वरण."

जेवताना ते प्रबंधातल्या बातम्या देत. "रेक्टरनं माफीनामा मागितला. सभेला गेला म्हणून. पोरानं दिला नाही! ट्रंक उचलली, चालू लागला." मी पहिल्यांदा घाबरून विचारलं होतं, "कुठला पोरगा? आपल्या ओळखीचा?"

तोंडी परीक्षेची तारीख आली आणि नेमक्या त्याच सुमाराला, वर्ल्डकप तोंडावर आल्यामुळे, कंपनीनं सगळ्यांच्या रजा बंद केल्या. मॅनेजर समजुतीनं म्हणाले, "वर्ल्डकप के बाद जाइए ना. एम. ए. कहीं भागा थोड़ी जा रहा है."

"साब, एम. ए. नहीं भाग रहा. मेरी उमर भाग रही है."

एवढ्यावर थांबते तर ते मामा कसले! त्यांनी मेल टाकला : ‘रजा मागत नाही, जाणार असल्याचं कळवतो आहे.’ मॅनेजर भडकले. मेल मागे घ्या, माफीचं पत्र द्या, मग चार दिवसांचं बघू. आम्ही सगळ्यांनी गळ घातली. मी तर पत्राचा मसुदाही तयार करून नेला. दोन ओळी, खाली सही, खलास.

मामांनी तो नीट वाचला, एक व्याकरणाची चूक दाखवली आणि परत दिला. "माझ्या प्रबंधात एकोणीस वर्षांची पोरं सही करत नाहीत," ते म्हणाले, "आणि मी करू?"

"मामा, अहो, बावीस वर्षांची नोकरी आहे!"

"म्हणूनच. बावीस वर्षं सह्याच केल्यात."

नाशिकहून मामींचा फोन आला. मला वाटलं, आता तरी ऐकतील. मामी एवढंच म्हणाल्या, "या तुम्ही. सपाटून अभ्यास करून या."

राजीनामा दिला त्या दिवशी कंपनीच्या बसमधून उतरताना पंजाबी ड्रायव्हरनं त्यांना विचारलं म्हणे, मॅच बघायला थांबणार नाही का? मामा म्हणाले, "मेरा मॅच उधर है."

परीक्षा दिली त्या दिवशी त्यांनी विद्यापीठाच्या कँटीनमधून मला फोन केला. दुसरा वर्ग मिळेल, म्हणाले. बाहेरच्या परीक्षकाशी वाद झाला, आणि तो आपणच सुरू केला. मग म्हणाले, "इथं एक मुलगी शेजारी येऊन बसली होती. विचारत होती, काका, तुमचं कोण शिकतं इथं?"

"मग?"

"म्हटलं, मीच."

फोन चालूच होता. पलीकडून कपबश्यांचा आणि पोरापोरींच्या हसण्याचा आवाज येत राहिला, आणि मीही तो तसाच ऐकत राहिलो.