ब्राझीलचा मासळीबाजार

माझा आवाज गेला त्या वर्षी दहावीचा वर्ग माझ्याकडे होता.

गणपतीपासूनच घसा बसल्यासारखा वाटत होता. आरत्या जास्त म्हटल्या असतील, असं घरात सगळे म्हणाले आणि मीही तेच म्हणत राहिले. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. नवरात्र उलटलं तरी माझा शब्द मधल्या बाकापलीकडे पोचेना. शेवटी अलिबागच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ होती. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जाऊन ती काढून घेतली. तपासणीत साधीच निघाली, तेव्हा नवऱ्याने दवाखान्याच्या दारातच डोळे पुसले. पण डॉक्टरांनी निघताना ताकीद दिली, "पुढचे काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजल्याने उलट जास्त ताण पडतो."

मी सामाजिक शास्त्रं शिकवते. इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल. गणिताच्या सरांना फळा पुरतो, विज्ञानाच्या बाईंच्या कपाटात चार बाटल्या तरी आहेत. माझ्याकडे भिंतीवरचे दोन नकाशे आणि तोंड. इतकी वर्षं त्या तोंडावरच मी निभावून नेलं होतं.

सुट्टी संपल्यावर मुख्याध्यापकांना डॉक्टरांचा कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"बाई, बदली शिक्षक कुठून आणू? आणि दहावीचं वर्ष," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "अहो, नेटवर सगळं आहे आता. तुम्ही फक्त निवडायचं आणि लावायचं. मुलं बघतील. तुम्ही नुसत्या वर्गात बसा."

मी मान हलवली. दुसरं काही करताही येत नव्हतं.

आमच्या घरी रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येते. संध्याकाळी चहा झाला की मी तिथे खुर्ची टाकून बसायची आणि धड्यांची नावं टाकून शोधायची. पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून पाहिले. काही उघडले, काही गोल गोल फिरत राहिले. जे उघडले त्यात बऱ्याचदा कुणीतरी पुस्तकातलाच उतारा वाचून दाखवत होतं आणि मागे सनई वाजत होती. हिंदीत पुष्कळ मिळायचं. इंग्रजीत तर विचारू नका. नकाशे हलत होते, नद्या वाहत होत्या, पण आमची मुलं इंग्रजी ऐकलं की मान खाली घालतात. मराठीत कुठल्या कुठल्या जिल्ह्यातल्या शिक्षकांनी स्वतः केलेले व्हिडिओ सापडले. घरातल्या भिंतीवर फळा टांगलेला, मधेच कुकरची शिट्टी. त्यांतल्या एका बाईंचा आवाज फार चांगला होता, खणखणीत. त्यांचे व्हिडिओ मी शेवटपर्यंत बघायची, वर्गासाठी उपयोगाचे नसले तरी. नवरा एकदा गमतीने म्हणाला, "बरं झालं, घरात शांतता आहे." मी त्याच्याकडे पाहिलं. परत तो तसं म्हणाला नाही.

पहिल्या आठवड्यात मुलं खूश होती. सामाजिक शास्त्रांच्या तासाला वर्गातला टीव्ही म्हणजे मजाच. मग ती खुशी ओसरली. ग्रामसभेच्या व्हिडिओत चित्रातला गाव होता. वडाचं झाड, पार, फेटेवाले शेतकरी, बैलगाडी.

"बाई, यो गाव कुठला हाय?" एका मुलाने विचारलं. "यात बंदर न्हाय, जेटी न्हाय."

एरवी याच प्रश्नावर मी अख्खा तास घेतला असता. मी फळ्यावर लिहिलं, "आपल्या ग्रामसभेत काय बोलतात?" माझं लिहून होईपर्यंत पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला होता आणि मुलं तिकडे बघत होती. हळूहळू ती माझ्याशी बोलेनाशी झाली. बोललीच तर हलक्या आवाजात, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तशी. मुख्याध्यापक वऱ्हांड्यातून जाताना खिडकीतून डोकवायचे आणि समाधानाने पुढे जायचे. वर्ग इतका गप्प त्यांनी कधी पाहिला नव्हता.

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील अशी तुलना आहे. ब्राझीलचं मात्र नेटवर भरभरून मिळतं. जंगल, नदी, फुटबॉल, मिरवणुका. ते सगळं दाखवून झालं, तरी लोक रोज काय खातात, काय विकतात, हे काही मला सापडेना. एका संध्याकाळी भलतंच शोधता शोधता एक साधी फिल्म मिळाली. कुणीतरी मोबाईल हातात धरून तिथल्या समुद्राकाठच्या मासळीबाजारातून चालत गेलं होतं. निवेदन नाही, संगीत नाही. नुसते ओटे, बर्फ, सुरे आणि ओरडा. मी ती उतरवून घेतली.

वर्गात ती लावली आणि खूप दिवसांनी मुलं पुढे सरकून बसली. इथली निम्मी मुलं मासळीवाल्यांच्या घरची. कुठला मासा आपल्याकडे मिळतो, कुठला नाही, यावर जुंपली. मग फिल्म भाजीच्या ओट्यापाशी आली आणि तिथला माणूस हात वर करून ओरडला, "बटाटा! बटाटा!"

वर्ग हसत सुटला. "बाई, तो मराठी बोलतोय!"

त्या गलक्यात फिल्म पुढे गेली. एक मासेवाली टोपलीतून मासे मोजून टाकत होती. "दोइस, त्रेस, क्वात्रु, सिंकु..." आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "दोय, त्रे, क्वात, सिंक. आमच्या घरी असंच मोजतात."

ती मुलगी कोर्लईची होती. रेवदंड्याच्या आमच्या शाळेपासून खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती लोकांची वाडी आहे. त्यांची घरची बोली वेगळी, पोर्तुगिजांच्या काळापासूनची. मला हे माहीत होतं. शाळेत ती पोरं मराठीच बोलतात, म्हणून मनात कधी आलं नव्हतं. ही मुलगी तर वर्षभरात आपणहून पहिल्यांदा बोलली होती. उठून उभी राहिली होती. तिला स्वतःलाच नवल वाटत होतं.

त्या क्षणी मला काय काय सांगायचं होतं! तेच पोर्तुगीज दर्यावर्दी इकडे रेवदंड्याला आले आणि तेच तिकडे ब्राझीलला गेले. आपण रोज ज्या पडक्या तटाशेजारून येतो तो त्यांचा. त्यांनी आणलेला बटाटा नावासकट आपल्या वड्यात आहे आणि त्यांचे आकडे हिच्या घरात आहेत. कुठल्याही पुस्तकात नसलेला तास माझ्यासमोर उभा होता. मी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

खडू घेऊन मी फळ्यावर लिहायला लागले. मागे कुणीतरी म्हणालं, "म्हणजे ही ब्राझीलची हाय!" हशा झाला. "ए ब्राझील, पासपोर्ट दाखव!" मी वळून डस्टर टेबलावर आपटलं. पूर्वी माझ्या एका "ए" ने वर्ग चिडीचूप व्हायचा. डस्टरच्या आवाजाला आणखी हसले. ती मुलगी खाली बसली होती. मी तिच्या बाकापाशी गेले, खांद्यावर हात ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. फळ्यावर माझं अर्धं वाक्य होतं, "याच पोर्तुगिजांनी..." आणि घंटा झाली.

नंतर तिला सगळी शाळा 'ब्राझील' म्हणायला लागली. मी मुख्याध्यापकांना लिहून दिलं. त्यांनी प्रार्थनेनंतर पोरांना दम भरला, त्यामुळे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही ते नाव कळलं. पुढच्या आठवड्यात ती शाळेत आली नाही. त्यानंतरच्याही नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी रिक्षा करून पुलापलीकडे गेले. वाडीत तिचं घर लगेच सापडलं. अंगणात जवळा वाळत घातला होता आणि आजी काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. मुलगी दारात आली, मला पाहून आत वळली, मग पुन्हा बाहेर आली. आई मागून हात पुसत आली. मी मोबाईलवर लिहून दाखवलं, "शाळेत का येत नाहीस?"

"बरं नव्हतं बाई," मुलगी म्हणाली.

"काही आजारी नव्हती," आई म्हणाली. "जात न्हाय म्हणते. पोरं चिडवतात. मी सांगितलं, आपणच कशाला बाहेर घरची भाषा बोलायची?"

मी पुन्हा लिहिलं, "तू बोललीस ते मला फार आवडलं. मला त्यावर शिकवायचं होतं." तिने वाचलं आणि मोबाईल मला परत दिला.

आजी विचारायला लागली की ही बाई बोलत का नाही. आईने घशाकडे बोट करून समजावलं. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी ती फिल्म काढून आजीसमोर धरली. आधी तिला नीट दिसेना. आवाज मोठा केला. मासेवाली मोजायला लागली तशी आजीची काठी थांबली. ती मोबाईलजवळ वाकली आणि त्या बाईला काहीतरी विचारलं. हसत, मोठ्याने, खरंच पलीकडे कुणी असल्यासारखं. मासेवाली आपल्याच नादात मोजत राहिली. आजीने पुन्हा विचारलं.

"काय म्हणतात?" मी खुणेने विचारलं.

"भाव विचारते," मुलगी म्हणाली. तिलाही थोडं हसू आलं होतं. मग आजी तिच्याकडे वळून लांबलचक काहीतरी बोलली. मुलीने मराठीत उत्तर दिलं, "न्हाय गं आजी, ती लांबची हाय." आजीने काठी उचलली आणि कावळ्यांकडे लक्ष दिलं.

मुलगी सोमवारी शाळेत आली. चिडवणंही पुढे थंडावलं. सराव परीक्षा आली, पोरांना दुसरं काहीतरी मिळालं. पण वर्गात ती परत बोलली नाही. मी तिच्यासाठी नेटवर पुष्कळ शोधलं. त्या बोलीचं मराठीत काही नव्हतं. एका इंग्रजी साइटवर त्या बोलीचं एक ध्वनिमुद्रण सापडलं, कुणा परदेशी अभ्यासकाने वाडीत येऊन केलेलं. म्हाताऱ्या माणसांचे आवाज, मागे समुद्र. मधल्या सुट्टीत तिला इअरफोन दिले. तिने थोडं ऐकलं.

"आमच्या वाडीतलंच हाय," ती म्हणाली. "पण कुणाचा आवाज ते कळत न्हाय." इअरफोन गुंडाळून तिने माझ्या हातात ठेवले.

डॉक्टरांचे आठवडे लांबत गेले आणि संक्रांतीनंतर मला बोलायची परवानगी मिळाली. जो आवाज आला तो माझा नव्हता. बारीक, चिरका, दमला की बंद पडणारा. कमरेला बांधायचा छोटा माईक घेतला, पण त्यातून मी दुसरीच कुणीतरी वाटायची. तोवर अभ्यासक्रम व्हिडिओंवर पुरा झाला होता. निकाल दरवर्षीसारखाच लागला. मुख्याध्यापक म्हणाले, "बघा, काही अडलं नाही." ते चांगल्या मनाने म्हणाले होते. मी घरी येऊन बराच वेळ भांडी घासत बसले.

आजी त्या उन्हाळ्यात गेली. मला उशिरा कळलं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी ती मुलगी मला रेवदंड्याच्या एसटी स्टँडवर भेटली. पनवेलला मावशीकडे राहून कॉलेज करत होती. केस कापले होते, फोनवर मैत्रिणीशी हिंदीत बोलत होती. मला पाहून तिने फोन ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

"आवाज आला का बाई?"

"आला थोडा," मी म्हणाले. आजीचं कळलं, असंही म्हणाले.

ती पायाखालच्या चिखलाकडे बघत होती. "शेवटी शेवटी आजी मराठी विसरली होती. घरच्याच भाषेत बोलायची. आईला समजायचं. मला निम्मंच समजायचं, मग मी नुसतं हं हं करायची. तिला वाटायचं, मला कळतंय."

मी तिला सांगायला लागले की त्यात तुझं काही चुकलं नाही, आणि अजूनही तुझ्या आईकडून ती बोली शिकून घे. तेवढ्यात पनवेलची गाडी फलाटाला लागली. इंजिन धडधडत होतं, कंडक्टर ओरडत होता. तिने कानाशी हात नेला, "काय म्हणालात बाई?" मी पुन्हा सांगितलं. तिला ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा माझा आवाजच फुटला नाही. ती हसून हो हो म्हणाली आणि गर्दीतून वाट काढत गाडीत चढली.