आईने न मोडलेले पैसे

निघायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती आणि मी ओट्यापाशी आईला क्रिप्टो शिकवत होते. भोईवाड्यातल्या चाळीचा तिसरा मजला, एका हातात तिचा फोन, दुसऱ्या हातावर तिने ठेवलेलं दही. दुबईची कंपनी निम्मा पगार कॉइनमध्ये देणार होती आणि तोच मी घरखर्चाला पाठवणार होते. "इथे आकडा दिसेल. इथे दाबलंस की विकून रुपये बँकेत. लागतील तसे मोड," मी म्हणाले. आईने मान हलवली. बाबा माझी बॅग घेऊन केव्हाच खाली गेले होते. तेव्हा ते जिने उतरायचे.

दहा मिनिटांत सगळं समजावल्याचा मला अभिमानच वाटला होता. पण आमच्या घरात मोडणं म्हणजे काय, हे मला ठाऊक असायला हवं होतं. गिरणी बंद पडली तेव्हा आजीच्या पाटल्या मोडल्या. कॉटन ग्रीनच्या गोदामातली बाबांची कारकुनी सुटली तेव्हा एफडी मोडली. वाईट दिवस आल्याशिवाय त्या घरात काही मोडत नसत. तिथेच लहानाची मोठी होऊन मी हे विसरले.

तिकडे कॉइन चढत होता. लंचला सगळे फोनवर भाव बघत, आणि मला वाटे, मी घराला नुसते नाही, वाढणारे पैसे देतेय. व्हिडिओ कॉलवर आई म्हणायची, "इले गो पैशे." पुरतात ना, मी विचारायचे. "आमका काय कमी आसा?" दरम्यान बाबांचे गुडघे झिजले, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन मात्र आधी दिवाळीनंतर, मग उन्हाळ्यानंतर, असं पुढेपुढे जात होतं. घाबरत असतील, असं मी समजून घेत होते. इतकी समजूतदार मी एरवी कधीच नव्हते.

मग कॉइन पडला. काही महिन्यांत निम्म्याच्याही खाली. मी शारजाला चौघींच्या स्वस्त खोलीत राहायला गेले आणि घरी सांगितलं, ऑफिसला सोयीचं पडतं.

दोन वर्षांनी गणपतीला आले. दरवर्षी मूर्ती स्वतः हातात घेऊन जिने उतरणारे बाबा विसर्जनाला गॅलरीतल्या खुर्चीवर बसून राहिले. ऑपरेशन का नाही केलंत, मी विचारलं. पैसे गेले कुठे ते बघायला आईचा फोन उघडला. पहिल्या महिन्यापासूनचे सगळे कॉइन तिथेच होते. एकही विकला नव्हता. घर आईच्या मालवणी मसाल्याच्या आणि कुळथाच्या पिठाच्या ऑर्डरींवर चाललं होतं.

"वर होते तेव्हा ह्ये म्हणाले, काढूया," आई म्हणाली. "मीच नको म्हटलंय. पोरीचे कष्ट आसत, वाढतत तर वाढांदेत. मगे खाली इले. खाली असताना मोडले तर तुझाच नुकसान ना गो?"

मासळी आणायला निघण्याआधी ती रोज कॉइनचा भाव बघायची. माझ्यापेक्षा तिलाच तो जास्त पाठ होता. बाबा एवढंच म्हणाले, "तुझ्या नावाचं होतं ते. मग मीही म्हटलं, राहू दे."

मी चिडले. खायला पाठवले होते, जपायला नाही, असं बरंच बोलले. मग खोलीत जागा नव्हती म्हणून जिन्यात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी सगळे विकले. आले त्यात एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उशीर झाला, डॉक्टर म्हणाले. पाय पूर्ण वाकत नाही. बाबा आता आठवड्यातून एकदा खाली उतरतात, तेही दवाखान्यात जायला.

आता सगळा पगार दिरहममध्ये येतो आणि साधा बँकेतून घरी जातो. तुम्हीही बाहेर असाल तर 'पुरतात ना' एवढंच विचारून फोन ठेवू नका. मी दोन वर्षं तेच केलं, त्याची मला लाज वाटते. घर म्हणजे परत जायची जागा, असं निघताना वाटायचं. आता घर म्हणजे मी पाठवलेला पैसा खर्च करायला ज्यांचा हात होत नाही ती दोन माणसं. मी पाठवते ते पैसे म्हणजे मीच, असं त्यांना वाटतं.

परवा फोनवर बाबांना विचारलं, दुसरा गुडघा कसा आहे? म्हणाले, "त्याला काय होतंय?"

मी वाद घातला नाही. घरी जायचं तिकीट काढलं.