खर्र्याच्या पन्न्यांचा देवमासा

माझ्या दुकानात मशीनखाली कतरण पडते. रोज थोडी रेक्झिनची, थोडी फोमची. उद्या झाडू, उद्या झाडू म्हणत राहावं, आणि एक दिवस पाय ठेवायला जागा उरत नाही. किश्शांचंही तसंच आहे. त्या मासेवाल्या पोरांबरोबर एक हिवाळा काय फिरलो, आता जो येतो तो सीट शिवायला टाकतो आणि म्हणतो, "चाचा, तो कोळशावाला सांगा ना!" सीट राहते बाजूला. म्हणून म्हटलं, एकदाची सगळी कतरण ओढून बाहेर काढावी.

दुकान भद्रावतीला, बस स्टँडजवळ. मोटारसायकलच्या, ऑटोच्या सीटा शिवतो. शाळेत गेलो नाही. अक्षरं दुकानांच्या पाट्या वाचून आली, तीही उशिरा. त्यामुळे मी हळूहळू लिहितो. तुम्हीही हळूहळूच वाचा, घाई कोणाला आहे!

*

मयुरी माजरीची. बाप कोळशाच्या खाणीत, पोरगी कॉलेजात विज्ञान शिकते. एक दिवस ती आणि तिच्या वर्गातला आकाश दुकानात आले. मागे ऑटो उभा, ऑटोत नुसती पोती.

"चाचा, एक मासा शिवून देता काय?"

"केवढा?"

तिने माझं दुकान या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाहून घेतलं. "इथी मावणार नाई."

पोत्यांत प्लास्टिकच्या पन्न्या होत्या. दुधाच्या, चिप्सच्या, आणि सगळ्यांत जास्त खर्र्याच्या. परमुलखातल्या लोकांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात, त्याला खर्रा म्हणतात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोली दोन जिल्ह्यांत माणूस जेवणाशिवाय राहील, खर्र्याशिवाय नाही. आणि खाल्ला की पन्नी तिथंच टाकायची, असा रिवाज.

पोरांचा बेत असा. पन्न्यांचा देवमासा शिवायचा, कूलरच्या पंख्याने फुगवायचा, गावोगाव न्यायचा आणि लोकांना सांगायचं की बाबांनो, हवा तापते आहे, समुद्र मरतो आहे. कॉलेजांची स्पर्धा होती. ज्यांचा कार्यक्रम चांगला, त्यांना कोकणात समुद्रकाठी मेळाव्याला नेणार होते.

"जिंकलो तं समुद्र पाहाले भेटते, चाचा," मयुरी म्हणाली.

"म्हणजे तू पाह्यला नाई?"

"आमच्यातल्या कोणीच नाई."

"मंग लोकायले सांगता काय?"

"तेच तं टेन्शन आहे!"

पोरगी इतकं खरं बोलली की मी मशीनला तेल घातलं.

मासा झाला. डोळ्यांच्या जागी मोटारसायकलचे आरसे लावले. कुठूनही पाहा, तो आपल्याकडेच पाहतो. वास मात्र जाईना. पहिल्यांदा फुगवला तेव्हा आकाश त्याच्या पोटात शिरून आला आणि शिंका देत म्हणाला, "चाचा, हा मासा प्लास्टिकनं नाई मेला. तोंडाच्या कॅन्सरनं मेला!"

*

पहिला कार्यक्रम जंगलाला लागून असलेल्या एका गावात. मासा फाटला तर शिवायला पाहिजे, म्हणून मलाही टेम्पोत बसवलं. पंखा लावला. मासा उठत गेला, शाळेच्या छपराएवढा झाला. गाव जमलं, पण दुरूनच. पोरं खांद्यावर, काठ्या हातात.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "हे फॉरेस्टवाल्यायनं पाठवलं काय?"

"नाई आजोबा, आम्ही कॉलेजचे."

"सोडून राह्यले काय इथी?"

"काय?"

"हेच, हे जनावर! वाघ सोडले, अस्वल तं आहेच. आता हे?"

मयुरीने समजावलं की हा समुद्रात राहतो, इकडे येत नाही. मागून एक बाई ओरडली, "यानं बकरी नेली तं पंचनामा कोण करन? फॉरेस्ट का पाणीवाले?"

"मावशी, हा बकरी खातच नाई! एकदम शांत जनावर आहे. माणसाच्या वाटेले जात नाई."

म्हाताऱ्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "वाघाच्या वेळेसबी असंच सांगतलं होतं."

*

आता कोळशावाला.

माजरीला कार्यक्रम ठेवायचा हट्ट मयुरीचाच. आकाश म्हणत होता, "अबे, खाणीच्या कॉलनीत जाऊन कोळसा वाईट म्हणशील? मार खायचा आहे काय?" पण तिचं म्हणणं, बाहेर बोलायचं आणि घरी गप्प राहायचं, हे बरं दिसत नाही.

बाप पहिल्या रांगेत. ड्युटीवरून आलेला, आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून. पोरगी बोलू लागली. कोळसा जळतो, धूर होतो, हवा तापते, समुद्र तापतो, मासे मरतात. बाप मान हलवत ऐकत होता. सगळं झाल्यावर शांतपणे उठला.

"मॅडम, एक प्रश्न आहे."

पोरीला मॅडम म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं, आज काहीतरी होणार.

"हा मासा कायनं उभा आहे?"

"पंख्यानं."

"पंखा कायनं चालते?"

"लाइटनं."

"आणि लाइट?"

कॉलनीत जी शिट्टी पडली! मयुरी लाल झाली. पण पोरगी बापाचीच होती. म्हणाली, "बरोबर आहे बाबा. मंग बंदच करून दाखवतो." आणि गेली तडक, पंख्याची पिन उपटली!

मासा आधी डुलला. मग विचार केल्यासारखा थांबला. मग पहिल्या रांगेवर बसला, पांढऱ्या शर्टासकट.

आतून बापाचा आवाज आला, "चालू कर वं बाई! कोळसा चालू कर!"

पुढच्या कार्यक्रमाला मासा पोचवायला बापच टेम्पो घेऊन आला. उतरताना पोरीला एवढंच म्हणाला, "पिन ढिली आहे. नवीन लावून घे."

*

आरमोरीच्या पुढे एक धानाचं गाव आहे. तिथं सखुबाई भेटली. माझ्याच वयाची असेल, पण आवाज माझ्या दुप्पट. ती पुढे येऊन बसली, कमरेचा खर्रा काढला, तोंडात टाकला आणि पन्नी मयुरीच्या पायाशी फेकली. अगदी पाहून, नेम धरून.

मयुरीला आयतं उदाहरण मिळालं. "आजी, ही पन्नी आता नाल्यात जाईन. तिथून वैनगंगेत, तिथून गोदावरीत, तिथून समुद्रात, आणि मंग माशाच्या पोटात."

"इतकी फिरते?" सखुबाई म्हणाली. "मी तं गडचिरोलीच्या पुढं नाई गेली. माह्याहून पन्नी बरी!"

लोक हसले. मयुरी पुढे सरकली. बर्फ वितळतो, समुद्राचं पाणी वर येतं.

"इथपर्यंत येईन काय?"

"नाई आजी, आपण लय दूर आहो."

"आलं तं बरं होतं. धानाले पाणी कमीच पडून राह्यलं."

"पण ते खारट असते!"

"मंग भाजीत मीठ टाकायचं काम नाई."

आता लोक लोळायचेच बाकी होते. सखुबाईने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि हळूच विचारलं, "तू पाह्यला काय व समुद्र?"

मयुरीने माझ्याकडे पाहिलं. मी माशाकडे पाहिलं.

"व्हिडिओत पाह्यला, आजी."

"व्हिडिओत तं मी दिल्लीबी पाह्यली. म्हून मी मंत्री झाली काय?"

कार्यक्रम तिथंच संपला. टेम्पो सुरू झाला, तेव्हा सखुबाई खिडकीशी आली. आता आवाज साधा होता.

"पाहून ये. मंग मले येऊन सांग, खरंच खारट असते का तुमचे सर फेकून राह्यले. तू सांगशील तं मानीन."

मयुरीने खिडकीबाहेर हात काढून तिचा हात धरला. "येतो, आजी." आणि काच वर केल्यावर आकाशला म्हणाली, "आता जिंकाच लागते, बे."

*

शेवटचा कार्यक्रम वडशाला. परीक्षक मॅडम पुण्याहून येणार होत्या. ज्याने कोणी वडसा ठरवलं, त्याला झाडीपट्टीची, रात्रभर चालणारी गाण्यांची नाटकं माहीत नसावीत. हिवाळ्यात तिथल्या पब्लिकसमोर नुसतं भाषण करायला उभं राहा, लोक विचारतात, पेटी कुठे आहे?

मयुरीने गोष्ट सांगितली. मासा पन्नी गिळतो, आजारी पडतो, आणि मरतो. "मरतो" म्हटलं की आकाशने पंखा बंद करायचा. केला. मासा हळूहळू, मान टाकत, असा काही खाली बसला की बायांनी पदर तोंडाला लावले. मैदान चिडीचूप.

आणि मागून आवाज आला, "वन्स मोअर!"

मग चारही बाजूंनी. "वन्स मोअर! मासा! वन्स मोअर!"

मयुरीने मॅडमकडे पाहिलं. मॅडमना समजेना की हा विरोध आहे की कौतुक. इकडे खुर्च्या वाजायला लागल्या. आकाशने देवाचं नाव घेऊन पंखा लावला. मासा उठला. टाळ्या! पुन्हा मेला. पुन्हा वन्स मोअर! पुन्हा उठला. या वेळी बटण अडकलं. मयुरी म्हणते, "आणि मासा मरतो." मासा डोलतो. "मासा मरतो!" मासा शेपूट हलवतो.

"थो हिरो आहे मॅडम," एकजण ओरडला, "थो मरत नसते!"

मॅडम उतरून लोकांत गेल्या. पहिल्या रांगेत एक फेटेवाले काका डोळे पुसत होते. "काका, या कार्यक्रमातून तुम्ही काय शिकलात?"

काकांनी नीट विचार केला. "पोरगी डायलॉग घाईत फेकते. पण मासा एक नंबर मेला, मॅडम. मी माह्या साळ्याच्या मातीले नाई रडलो इतका."

मॅडम तिथंच खुर्चीवर बसल्या आणि पोट धरून हसल्या. मयुरीला वाटलं, गेलं कोकण. तिचे डोळे भरले होते. मॅडमनी तिचा हात ओढून जवळ घेतलं आणि विचारलं, "हा मासा रेल्वेत मावतो का गं?"

*

मावला. घडी करून, पोत्यात, माझ्या बर्थखाली. खर्र्याच्या वासाने टीसी दोनदा झडती घेऊन गेला.

किनाऱ्यावर पोचल्यावर पोरं ओरडत पाण्यात पळाली. मयुरी वाळूवरच थांबली. मी म्हटलं, "काऊन बेटा? यासाठीच तं आलो."

"चाचा, इतका आवाज असते?"

"तू तं व्हिडिओ पाह्यला होता."

"वर्गात त्याचा आवाज सर बंद करतात. स्वतः बोलतात ना!"

तेवढ्यात तिथली कोळ्यांची पोरं जमली. "तुम्ही चंद्रपूरचे? वाघवाले? किती वाघ बघितलेत?"

आकाशने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "बघितले नाही."

"एकपण नाही?"

"व्हिडिओत," आकाश म्हणाला.

*

परत आल्यावर मयुरी घरी थांबली नाही. समुद्राच्या पाण्याची बाटली घेऊन आम्ही सरळ आरमोरीच्या पुढे निघालो, मासा घेऊन. टेम्पो तिच्या बापानेच चालवला.

सखुबाई अंगणात बसली होती. मासा समोरच फुगवला. गाव गोळा झालं. मयुरीने बाटली दिली. सखुबाईने ती उन्हात धरून पाहिली. "आपल्यासारखंच तं दिसते." मग तोंडाला लावली, आणि मोठा घोट घेतला.

तिचं तोंड असं झालं की एक पोरगं रडायला लागलं. ती थुंकली, खोकली, पुन्हा थुंकली. कोणी पाणी आणायला धावलं. तिने हाताने थांबवलं.

"आहे," ती म्हणाली. "मंग हा मासाबी असनच कुठीतरी."

मयुरीने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

तोंडाची चव घालवायला सखुबाईने कमरेचा खर्रा काढला. तोंडात टाकला. पन्नी चुरगळली आणि फेकायला हात वर नेला. समोर मासा. दोन आरसे, तिच्याकडेच लागलेले.

हात तसाच राहिला. ती अंगणाच्या या कोपऱ्यात सरकली. मग त्या कोपऱ्यात सरकली. पन्नी मुठीतच.

शेवटी तिने ती कमरेला खोचली आणि माझ्यावरच ओरडली, "भाऊ, याचं तोंड तिकडं करा बरं! माणसाले निवांत खर्राबी खाऊ देत नाई!"