सुरेखाच्या पाठीतला आवाज

चकवा, झपाटणं असल्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. बी.एस्सी. झालोय, असलं काही डोक्यात शिरत नाही. तरीही लिहितोय... कारण त्या दिवसापासून मन ठिकाणावर नाही.

आमचं घर जव्हार तालुक्यात, दाभोशाला. मी मोखाड्याला सरकारी ऑफिसात क्लार्क. धाकटी बहीण सुरेखा आईबाबांजवळ राहते. तिला जन्मापासून हृदयाचा आजार – हृदयातून फुप्फुसांकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनीच नीट तयार झालेली नाही. त्या वाहिनीऐवजी भलतीकडूनच वेड्यावाकड्या वाहिन्या निघून फुप्फुसांत गेल्यात. त्यांच्यावरच ती जगते. मुंबईच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, ऑपरेशन जमणार नाही, जपा. तिच्या पाठीला कान लावला की आत एक आवाज येतो. लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा... घूंऽऽ... न थांबणारा. लहानपणी तो ऐकत मला झोप लागायची.

गेल्या भातकापणीतली गोष्ट. सुट्टी संपवून सकाळी घरून निघालो, तेव्हा सुरेखा अंगणात सूप घेऊन बसली होती. अगदी बरी होती. जव्हारहून मोखाड्याची जीप पकडली आणि ड्रायव्हरशेजारी बसलो. ड्रायव्हर काशिनाथ फक्त तोंडओळखीचा. माझ्या घरचं त्याला काहीच माहीत नाही.

जव्हार मागे पडलं आणि आवाज सुरू झाला. तोच! अख्ख्या गाडीत भरलेला. मला वाटलं, भास... तेवढ्यात काशिनाथनेच गाडी बाजूला घेतली.

"भाऊ, काय घुमतंय रं? तुला येतंय ना ऐकू?"

त्याने इंजिन बंद केलं. बॉनेट उघडून पाहिलं. आवाज चालूच! मागे बसलेली बाई वैतागली, "कसला आवाज? मला तं कायच नाय येत. चल ना, बाजार उठंल!" मागे कोणालाच येत नव्हता. फक्त आम्हा दोघांना.

मग आवाज अडखळायला लागला. थांबायचा... परत यायचा... थांबायचा.

सुरेखाला फोन लावला – रिंग जात होती, उचलत नव्हती. आईबाबा खळ्यावर, तिकडे रेंज नाही.

"काशिनाथ, मला दाभोशाला सोड. माझी बहीण..."

काशिनाथने मागून येणाऱ्या जीपमध्ये बाकीच्यांना बसवलं आणि गाडी वळवली.

दार नुसतं लोटलेलं होतं. सुरेखा आत कुशीवर पडलेली, ओढणी रक्ताने भिजलेली, खोकल्याबरोबर आणखी रक्त येत होतं. दोघांनी उचलून जीपमध्ये घातलं. आधी जव्हारचा दवाखाना, तिथून ॲम्ब्युलन्सने मुंबई. तिथे मांडीतून बारीक नळी घालून फुटलेली वाहिनी बंद केली. डॉक्टर म्हणाले, "थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती."

मी त्यांना आवाजाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आवाज त्या वाहिन्यांचाच असतो. पण तो पाठीला कान किंवा स्टेथोस्कोप लावला तरच ऐकू येतो. तुम्हाला भास झाला असेल."

"आणि ड्रायव्हरला?"

ते पुढच्या पेशंटकडे वळले.

सुरेखा बोलण्याइतकी सावरल्यावर मी विचारलं, "मला मनातल्या मनात हाक मारलीस का गं?"



"नाही दादा. कोणालाच नाही. फोन वाजत होता, तुझं नाव दिसत होतं... मीच उचलला नाही. वाटलं, माझ्यापायी तुम्ही सगळे दमलात. आता होऊ दे काय व्हायचं ते."

म्हणजे तिने बोलावलं नव्हतं. उलट, कोणी येऊ नये अशीच तिची इच्छा होती. मग आम्ही दोघांनी ऐकलं ते काय? खूप डोकेफोड केली, काशिनाथशीही बोललो... काही उलगडत नाही.

परवा जेवताना सुरेखालाच परत विचारलं. तिने माझ्या पानात भाकरी वाढली, म्हणाली, "मला काय माहीत? पण आलास ते बरं केलंस."